साचलेले पाच महिने: लहान मुलांच्या घरातील राहून गेलेली खबरबात कशी लिहून काढावी

आमच्या घरच्या नोंदवहीत २७ ऑगस्ट २०२५ च्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या पानावर दोनच ओळी आहेत: ‘गणपती आले. मोदक एकवीस, त्यांतले चार उकडताना फुटले.’ त्यापुढचे पान थेट २५ जानेवारी २०२६ चे, रथसप्तमीचे आहे. मधल्या पाच महिन्यांत महालक्ष्म्या आल्या आणि गेल्या, नवरात्र, दसरा, दिवाळी आणि संक्रांत झाली, थोरलीचे पुढचे दोन दात पडले, धाकटा बालवाडीत जाऊ लागला, आणि यांतले एक अक्षरही वहीत उतरले नाही. नवऱ्याची पीथमपूरच्या कारखान्यातली शिफ्ट, माझी बँक, मुलांचे डबे आणि आजारपणे यांत दिवस कसे गेले ते कळले नाही. इंदुरातल्या आमच्यासारख्या अनेक घरांत हेच होत असणार, म्हणून आम्ही ते पाच महिने कसे भरून काढले ते येथे क्रमाने सांगत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून घ्यावी. असे मागे पडल्यावर आपण आधी सणांकडे धावतो, कारण त्यांचे फोटो भरपूर असतात. माझ्या अनुभवाने सण शेवटी लिहावेत. महालक्ष्म्या पुढच्या वर्षी पुन्हा येणार आहेत आणि त्यांचे पान बऱ्याच अंशी तसेच असणार आहे. पण सव्वातीन वर्षांचा मुलगा सकाळी कचरागाडीमागे कसा धावतो, हे पुढच्या वर्षी तसे असणार नाही. म्हणून रोजचे आधी लिहावे, आणि सणांना खुंट्या मानून त्या रोजच्या गोष्टी त्यांवर टांगाव्यात.

वही आणि वाचणारे

वही शिवलेल्या बांधणीची, जाड कागदाची आणि आडव्या ओळींची घ्यावी. तारेच्या बांधणीच्या वह्यांची पाने हाताळून फाटतात. प्रत्येक पानावर डावीकडे दोन बोटे समास सोडावा. तो कशासाठी हे पुढे येईल. निळ्या बॉलपेनपेक्षा काळ्या शाईची छायाप्रत स्पष्ट निघते, आणि या लिखाणाच्या प्रती काढायच्या आहेत, म्हणून काळी शाई बरी.

आपण हे कोणासाठी लिहीत आहोत हेही आधी ठरवावे. आमच्याकडे इंदुरातच राजेंद्रनगरात राहणारे सासू-सासरे, ग्वाल्हेरला असलेले माझे आईवडील, पुण्याची नणंद आणि मोठी झाल्यावर वाचतील अशी दोन मुले, इतके वाचणारे आहेत. राजेंद्रनगरच्या आजींना मुलांची घडामोड बहुतेक ठाऊक असते, ग्वाल्हेरच्या आजीला मात्र फोनवर ‘सगळे ठीक आहे ना?’ याच्यापुढे फार काही कळत नाही. म्हणून मी लिहिताना माझी आई समोर बसली आहे असे धरते. जुन्या आंतरदेशीय पत्रांत ‘साष्टांग नमस्कार, वि. वि.’ अशी सुरुवात करून ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील खुशाली कळवावी’ असे लिहीत असत आणि मधल्या जागेत एकेका माणसाची खबर देत. तीच मांडणी आजही सर्वांत सोयीची आहे, कारण तारखेवार लिहायला बसले की विसरलेल्या आठवड्यापाशी हात अडतो. माणसावार लिहिले तर अडत नाही.

खुणा गोळा कराव्या

आठवून लिहायला बसू नये. आधी एका संध्याकाळी घरातील कागद आणि फोन घेऊन बसावे आणि नुसत्या खुणा टिपाव्या.

सर्वांत आधी स्वयंपाकघरातले कालनिर्णय उतरवावे. आमच्याकडच्या चौकोनांत दुधाचे जास्तीचे लिटर, गॅसची टाकी लावल्याची तारीख, कामाच्या बाईंचे खाडे, लसीची तारीख आणि शाळेची सुटी असे सगळे बारीक अक्षरांत असते. वरकरणी हा निव्वळ हिशेब दिसतो, पण त्यावरून दिवस उभे राहतात. ऑक्टोबरच्या एका आठवड्यात दूध अर्धा लिटर कमी घेतल्याचे दिसले, तेव्हा त्या आठवड्यात धाकटा तापाने आजारी होता आणि दुधाला तोंड लावत नव्हता, हे आठवले. नोव्हेंबरात बाईंचे सलग सहा खाडे होते. त्यांच्या मुलीचे लग्न होते आणि आम्ही चौघे तिथे जेवून आलो होतो, हे त्या सहा फुल्यांनी सांगितले. वर्ष संपल्यावर ही दिनदर्शिका रद्दीत देऊ नये.

त्यानंतर शाळेची डायरी, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि फोनवरून केलेल्या पैशांच्या व्यवहारांची यादी पाहावी. छप्पन दुकानला रविवारी सकाळी दिलेले पैसे, राजवाड्याजवळ घेतलेल्या पणत्या, आणि सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री साडेदहाला घेतलेल्या भुट्ट्याच्या कीसाचे नि गराडूचे पैसे तारीख आणि वेळेसकट तिथे असतात. दुकानांच्या छापील पावत्या बहुतेक उष्णतेवर छापणाऱ्या कागदाच्या असतात आणि वर्षा-दोन वर्षांत पांढऱ्या पडतात, म्हणून ठेवण्यासारख्या पावतीचा लगेच फोटो काढून ठेवावा.

फोटोंचा ढीग मात्र धीराने उपसावा लागतो. पाच महिन्यांत माझ्या एकटीच्या फोनमध्ये अठराशेच्या वर फोटो निघाले. ते सगळे पाहत बसू नये. महिन्याला सहा, या हिशेबाने तीसच निवडावेत. आपण स्वतः काढलेल्या फोटोत काढल्याची तारीख आणि वेळ साठवलेली असते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून ही माहिती निघून जाते. अँड्रॉइड फोनवर त्यांच्या नावात, उदाहरणार्थ ‘आयएमजी-२०२५१००२-डब्ल्यूए००१४’ यात, वर्ष, महिना आणि दिवस दिसतो, पण तो फोटो आपल्या फोनवर आल्याचा असतो. नणंदेने दसऱ्याचे फोटो दिवाळीत पाठवले तर त्यांच्यावर दिवाळीची तारीख येते, आणि वहीत चूक होते. अशा वेळी फोटोतल्या मुलांकडे पाहावे. आम्ही थोरलीच्या दातांवरून क्रम लावला: दोन्ही दात असलेले फोटो दसऱ्याच्या आधीचे, एक फट असलेले दिवाळीपर्यंतचे, दोन फटी असलेले त्यानंतरचे. दाराच्या चौकटीवर पेन्सिलने उंचीच्या खुणा करण्याची सवय असेल तर तीही कामी येते, मात्र प्रत्येक खुणेपुढे तारीख हवी.

फोटोच्या कडांकडेही लक्ष द्यावे, कारण घरातले खरे आयुष्य बरेचदा तिथे असते. सप्टेंबरमध्ये मी कुरिअरने आलेल्या एका फाटक्या खोक्याचा फोटो तक्रारीसाठी काढला होता. त्याच्या मागे शेजारच्यांची भिंत दिसत होती आणि भिंतीवर शेणाने काढलेला, झेंडूच्या पाकळ्या चिकटवलेला सातिया, म्हणजे स्वस्तिक, होता. त्या एका कोपऱ्यावरून सगळे आठवले: पितृपक्षात शेजारच्या माळवी घरातल्या मुली रोज संध्याकाळी संजा मांडत होत्या आणि आमची थोरली पंधरा-सोळा दिवस त्यांच्यात होती. रोज नवी आकृती, आणि शेवटी सर्वपित्री अमावास्येच्या सुमारास किलाकोट नावाची मोठी आकृती. आमच्या मराठी घरात पितृपक्षात काही सण नाही, म्हणून कोणी मुद्दाम फोटो काढलाच नव्हता, आणि मुलीच्या दृष्टीने त्या वर्षातली सर्वांत मोठी गोष्ट तीच होती. शेणाचे हात घेऊन ती फाटकात उभी राहायची आणि मी बँकेतून आल्यावर दाराला हात न लावता आत कसे यावे, असे विचारायची. हे वहीत दीड पान झाले. दसऱ्याला अर्धे पान पुरले.

माणसांना विचारावे

खुणा हाती आल्या की एकेकाला दहा मिनिटे बसवून विचारावे. मुलांना ‘काय काय झाले?’ असे विचारले तर ‘काही नाही’ असेच उत्तर येते. प्रश्न लहान आणि नेमका हवा: डब्यातली कोणती भाजी परत येत होती, शाळेच्या बसमध्ये शेजारी कोण बसायचे, अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, पाहताना किती वाजता झोप लागली. कापड गिरण्यांतून सुरू झालेल्या या झांक्या गिरण्या बंद पडल्यानंतरही निघतात, आणि ६ सप्टेंबरच्या त्या रात्री धाकट्याला खांद्यावर घेऊन उभे राहिलेल्या त्याच्या बाबांना त्याचे डोके नेमके कधी कलंडले ते ठाऊक होते. आजोबांना त्यांच्या पहिल्या झांकीबद्दल विचारले तर ते अर्धा तास बोलले. तो अर्धा तास फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवला आहे. वहीत त्यातले चार ओळींपुरतेच घेतले.

मुले जे बोलतात ते जसेच्या तसे उतरवावे. हा माझा आग्रहाचा मुद्दा आहे. इंदुरातील मुलांच्या मराठीत माळव्याची हिंदी सहज मिसळलेली असते. आपण बोलताना ती सुधारतो आणि लिहितानाही नकळत सुधारून टाकतो. धाकटा ‘पाळी’ म्हणत नाही, ‘बारी’ म्हणतो, आणि ‘मी येतोय’ ऐवजी ‘मी येऊन राहिलो’ म्हणतो. वहीत ते तसेच हवे. घरी बोलताना त्याला योग्य शब्द अवश्य सांगावा, पण तो तीन वर्षांचा असताना कसा बोलत होता ते त्याला कधीतरी ऐकायचे असेल, आणि तेव्हा ते दुसरीकडे कुठेही सापडणार नाही.

लिहायला बसावे

प्रत्येक माणसाला एक-दीड पान द्यावे आणि त्यात एखादीच गोष्ट अगदी जवळून दाखवावी. ‘धाकटा फार खोडकर झाला आहे आणि सगळ्यांचा लाडका आहे’ हे वाक्य कोणत्याही घरातील कोणत्याही मुलाला लागू पडते. ग्वाल्हेरच्या आजीला त्यातून काहीच दिसत नाही. त्याऐवजी मी असे लिहिले:

‘सकाळी कचरागाडीचे गाणे गल्लीच्या तोंडाशी ऐकू आले की तो ओल्या कचऱ्याची लहान बादली दोन्ही हातांनी उचलतो आणि “आई, आज माझी बारी!” म्हणत फाटकाकडे निघतो. सुक्या कचऱ्याची पिशवी त्याला नको असते, कारण बादलीची कडी वाजते आणि पिशवी वाजत नाही. गाडीवरचे काका बादली रिकामी करून परत देतात, तेव्हा तो तीत डोकावून पाहतो, “संपला” असे सांगतो आणि गाडी वळेपर्यंत आत येत नाही. त्यामुळे रोज दूध थंड होते.’

यात त्याचे वय, त्याची भाषा, आमची सकाळ आणि आमचे शहर आले आहे, आणि लिहायला दहा मिनिटे लागली. थोरलीसाठी संजा आणि पडलेले दात, नवऱ्यासाठी रात्रपाळीहून आल्यावर मुलीच्या वेण्या घालायला शिकणे, माझ्यासाठी बँकेतल्या बढतीच्या परीक्षेचा अभ्यास, असा एकेक विषय घेतला. मोठ्यांची पाने वगळू नयेत. लहान मुलांच्या घरात सगळे लक्ष मुलांकडे असते, आणि वीस वर्षांनी मुलांना नेमके हेच जाणून घ्यायचे असते की त्या वेळी आपले आईबाप कसे होते, कशाने दमत होते आणि कशाने हसत होते.

आजारपण, पैशांची ओढाताण, घरात झालेला एखादा अबोला हेही एक-दोन ओळींत यावे. कोणाचे मन दुखेल असे असल्यास ती ओळ छायाप्रतीतून वगळता येते. मूळ वहीत ती असू द्यावी.

सणांची पाने

सणाचे वर्णन करत बसू नये. या वर्षी वेगळे काय झाले तेवढे लिहावे. कोण आले, कोण येऊ शकले नाही, कोणाच्या हातून पहिल्यांदा काय झाले, आणि प्रमाण किती लागले. महालक्ष्म्यांच्या पानावर जेवणारी माणसे, पुरणाची डाळ, सोळा भाज्यांतली कोणती मिळाली नाही आणि तिच्याऐवजी काय घातले, हे लिहिले तर ते पान पुढल्या वर्षी स्वयंपाकघरातही उघडले जाते. २०२५ मध्ये जेवणाचा दिवस १ सप्टेंबर, सोमवार होता. नवऱ्याला रजा मिळाली नाही आणि सोवळ्याने पाणी भरण्याचे काम पहिल्यांदाच थोरलीने केले, एवढे त्या पानाला पुरेसे होते.

बोरन्हाणाचे एक मुद्दाम सांगते. ते संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत करता येते, पण हा काळ दरवर्षी सारखा नसतो. २०२५ मध्ये १४ जानेवारी ते ४ फेब्रुवारी असे तीन आठवडे मिळाले होते, २०२६ मध्ये रथसप्तमी २५ जानेवारीलाच आली आणि अकरा दिवसांत सगळे उरकावे लागले. ते आम्ही शेवटच्या रविवारी केले. हलव्याचे दागिने, काळा झबला, डोक्यावरून ओतलेली बोरे, उसाचे करवे आणि चुरमुरे यांचा एकच फोटो चिकटवला: त्यात धाकटा दिसतच नाही, बोरे वेचणाऱ्या आठ मुलांच्या पाठी दिसतात. हाच फोटो खरा त्या दिवसाचा आहे.

वाढदिवस आणि तिथी लिहिताना इंदुरात एक घोळ होतो आणि तो टाळता येण्यासारखा आहे. आपल्या मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो, तर इकडच्या हिंदी पंचांगात तो पौर्णिमेला संपतो. शुक्ल पक्षात दोन्हींचे नाव एकच असते, वद्य पक्षात मात्र एका महिन्याचा फरक पडतो: आपला पितृपक्ष भाद्रपद वद्यात, आणि शेजाऱ्यांचा तोच पंधरवडा आश्विन कृष्णात. मुलाचा जन्म वद्य पक्षातला असेल आणि पत्रिका इथल्या गुरुजींनी केली असेल, तर तिथीने वाढदिवस करताना आजी एक महिना सांगतात आणि पत्रिका दुसरा. म्हणून तिथीशेजारी इंग्रजी तारीख आणि पंचांग कोणते तेही लिहावे. दिवाळीतही असेच होते. २०२५ मध्ये कोणाचे लक्ष्मीपूजन २० ऑक्टोबरला झाले, कोणाचे २१ ला, आणि फोटोंवरून नंतर काहीच उलगडत नाही.

प्रती, साठवण आणि मुलांची काळजी

निवडलेले तीस फोटो छापून घ्यावेत. चिकट पानांच्या आणि वर पातळ पारदर्शक आवरण असलेल्या अल्बममध्ये ते लावू नयेत. त्या डिंकाने फोटो पिवळे पडतात आणि पुढे निघतही नाहीत. वहीच्या पानावर कोपरे लावून बसवावेत आणि नावे, नाते, तारीख फोटोखाली कागदावर लिहावी. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने दाबून लिहिल्यास उठाव पुढच्या बाजूला दिसतो. बाकीच्या फोटोंची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून ती दुसऱ्या घरी ठेवावी. आमची राजेंद्रनगरला देवघराखालच्या कप्प्यात आहे. गुगलची मोफत जागा १५ जीबी असते आणि जून २०२१ पासून फोटोही तीत मोजले जातात, त्यामुळे तिच्यावरच विसंबून राहिल्यास ती ऐन दिवाळीत भरते.

नातेवाइकांच्या मोठ्या गटात पाने पाठवताना शाळेचे नाव, बसची वेळ आणि घराचा पत्ता दिसत नाही ना, ते पाहावे. आंघोळीचे फोटो पाठवूच नयेत. सात वर्षांच्या मुलीला ‘हे आत्याला पाठवू का?’ असे विचारावे आणि ती नाही म्हणाली तर पाठवू नये. आमच्या थोरलीने पडलेल्या दातांच्या एका फोटोला नकार दिला आहे. तो वहीत आहे, बाहेर गेलेला नाही.

या सगळ्याला आम्हाला दोन संध्याकाळी आणि एक रविवारची सकाळ लागली. रविवारी पोहे-जिलबी बाहेरून आणली आणि ओट्यावरच वही उघडली. पुन्हा इतके साचू नये म्हणून कालनिर्णयाच्या चौकोनात रोज रात्री दोन शब्द लिहायचे एवढेच ठरवले आहे. वाक्य लिहायचा नेम केला तर तो आठवड्यात मोडतो. ‘बादली हरवली’, ‘आजी, गुळपोळी’, ‘पहिला गुणाकार’ असे दोन-तीन शब्द महिनाअखेरीस वही उघडताना पुरतात. पुढची बैठक रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, ९ मार्चला ठेवली आहे, कारण गेरीहून, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीहून, परतलेल्या घरात आदल्या दिवशी कोणाच्याही हाताला लिहिण्याजोगा रंग नसतो.

लिहून झाल्यावर छायाप्रती काढून एक राजेंद्रनगरला आणि एक टपालाने ग्वाल्हेरला पाठवली, आणि दोन्हींबरोबर सांगितले की समास तुमच्यासाठी सोडला आहे, जे चुकले वा राहिले असेल ते त्यात लिहा. ग्वाल्हेरहून आईने धाकट्याच्या पानाच्या समासात लिहून पाठवले की मीही लहानपणी वाजणारी बादलीच उचलत असे. राजेंद्रनगरची प्रत तिसऱ्या दिवशी परत आली. महालक्ष्म्यांच्या पानावर मी लिहिले होते, ‘पुरणाची डाळ दीड किलो.’ समासात सासूबाईंचे पेन्सिलीतले अक्षर होते: ‘दोन किलो. मी मोजून घातली होती.’ मूळ वहीत दीडवर रेघ मारून शेजारी दोन केले आहे, आणि त्यांची ओळ कापून तिथेच चिकटवली आहे.